करपलेलं भांडं चरा न पाडता कसं सोडवायचं

भांडी करपल्यामुळे फारशी खराब होत नाहीत. करपल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत आपण जे करतो त्याने होतात. तापलेल्या भांड्यावर नळ सोडायचा, लगेच तारेची घासणी हातात घ्यायची, ती चालली नाही की सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं आणि शेवटी सुरीच्या टोकाने खरवडायचं, हा क्रम बहुतेकांच्या हातात बसलेला असतो. तो पहिल्या पायरीपासूनच चुकतो.

एक गोष्ट आधी लक्षात घेतली की पुढचं सगळं पटत जाईल. पूर्ण काळा झालेला थर म्हणजे कोळसा, आणि कोळसा पाण्यात, साबणात, सोड्यात किंवा लिंबात विरघळत नाही. विरघळतं आणि फुगतं ते त्या कोळशाखालचं अर्धवट जळालेलं अन्न. तेच डिंकासारखं धातूला चिकटून असतं आणि त्याच्या आधाराने वरचा कोळसा टिकतो. ते ढिलं पडलं की काळा थर पापुद्रे निघावेत तसा सुटतो. त्याआधी घासायला घेतलं तर थराबरोबर भांडंही झिजतं, आणि त्या चऱ्यांत पुढच्या वेळचं अन्न आणखी घट्ट बसतं.

## १. आच बंद करा आणि भांडं निवू द्या

करपल्याचा वास आला की आच बंद करा. वरचं अन्न चांगलं असेल तर ते न ढवळता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. तळ खरवडू नका. त्याने करपट वास चांगल्या अन्नातही उतरतो.

मग भांडं हाताला सोसवेल इतकं निवू द्या. तापलेल्या भांड्यावर गार पाणी पडलं की धातू एका बाजूने एकदम आकसतो. पातळ स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा तळ वाकतो, नॉनस्टिक तव्याला पोक येतं, इनॅमलला बारीक तडे जातात, बीड आणि काच तर सरळ फुटू शकतात. वाकलेला तळ शेगडीवर नीट टेकत नाही, मग तो काही जागीच जास्त तापतो आणि तिथेच पुन्हा करपतो.

तपासा: तळाला बाहेरून दोन क्षण हात लावून ठेवता येतो का? येत असेल तरच पुढे जा. पहिलं पाणी कोमट घ्या.

## २. भांडं कशाचं आहे ते नक्की करा

ही पायरी सगळे वगळतात आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. स्टीलला जे मानवतं ते अॅल्युमिनियमला काळं पाडतं. बिडाला जे चालतं ते नॉनस्टिकचा लेप खरवडून काढतं.

ओळखायला एक लोहचुंबक पुरतो. बीड, लोखंड आणि लोखंडावर इनॅमल चढवलेली भांडी चुंबक घट्ट धरतात. अॅल्युमिनियम, तांबं आणि पितळ अजिबात धरत नाहीत. स्टेनलेस स्टील दोन्ही प्रकारचं असतं. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचा तळ चुंबक धरतो, पण आतली बाजू धरेलच असं नाही. चुंबक न धरणारं, आकाराच्या मानाने हलकं आणि राखाडी रंगाचं भांडं बहुधा अॅल्युमिनियमचं. तेच गडद राखाडी, चमक नसलेलं आणि कठीण वाटत असेल तर हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे वरचा थर मुद्दाम कठीण केलेलं अॅल्युमिनियम. पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळत असतील तर नॉनस्टिक. बाहेरून तांबं किंवा पितळ आणि आतून चंदेरी असेल तर बहुधा कल्हई, म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा.

सावधान: काही भांडी आतून स्टीलची आणि बाहेरून किंवा तळाला उघड्या अॅल्युमिनियमची असतात. अशांना सोड्याच्या पाण्यात बुडवू नका. सोडा फक्त आत घाला.

## ३. थर कसला आहे ते बघा

भातासारखा पिठूळ पदार्थ चिकटला असेल तर तो पाण्याने फुगतो. त्याला वेळ दिला की अर्धं काम आपोआप होतं. दुधाचा थर प्रथिनांचा असतो. तो उष्णतेने गोठून बसलेला असतो आणि त्याला सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ सोडवतो. आंबट पदार्थ इथे काही करत नाही, उलट प्रथिनं आणखी घट्ट होतात.

साखरेचा पाक जळाला असेल तर तो सर्वांत सोपा, आणि त्यालाच लोक सर्वांत जास्त घासतात. तपकिरी, काचेसारखा कडक झालेला पाक नुसत्या गरम पाण्यात विरघळतो. भांड्यात पाणी भरा, मंद उकळी येऊ द्या, ओतून द्या. घासायची गरजच नसते. पार काळा पडला असेल तरच सोडा लागेल.

तेलाचा थर चिवट असतो. पिवळसर-तपकिरी, हाताला किंचित चिकट आणि वार्निशसारखा चकचकीत डाग म्हणजे तापून घट्ट झालेलं तेल. ते पाण्याने फुगत नाही, साध्या साबणालाही फारसं दाद देत नाही. त्याला सोडा आणि भरपूर वेळ लागतो.

पांढरे ठिपके आणि इंद्रधनुषी झाक ही करपल्याची खूणच नाही. पहिले पाण्यातल्या क्षारांचे, दुसरी तापलेल्या स्टीलवरच्या ऑक्साइडच्या थराची. दोन्ही आंबट पदार्थाने जातात, तेही सगळ्यांत शेवटी.

## ४. सामान आधी मांडून ठेवा

खाण्याचा सोडा, भांडी धुण्याचा द्रव साबण, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, लाकडी किंवा सिलिकॉनचं सपाट कडेचं उलथणं, मऊ स्पंज, नायलॉनचा ब्रश, सुती कापड. एवढ्यात जवळपास सगळी भांडी होतात.

घासणी निवडताना रंगापेक्षा तिच्यात काय आहे ते पाहा. खरखरीत हिरव्या घासण्यांपैकी बऱ्याच घासण्यांच्या धाग्यांवर अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या अतिकठीण पदार्थाचे कण चिकटवलेले असतात. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर हा पदार्थ ९ वर येतो, वाळू ७ वर, काच सुमारे ५.५ वर, अॅल्युमिनियम ३ च्या आत आणि कथिल अवघं १.५ वर. जास्त कठीण वस्तू कमी कठीण वस्तूवर चरा पाडते, इतका साधा नियम. खाण्याचा सोडा सुमारे २.५ वर आहे, म्हणून स्टील आणि काचेवर तो निर्धास्त चोळता येतो. अॅल्युमिनियमच्या तो जवळ पोहोचतो, तेव्हा चकचकीत पृष्ठभागाची झळाळी त्याने मंद होऊ शकते. कल्हईवर मात्र तो कोरडा चोळला तर खुणा राहतात.

वाळू किंवा बारीक खडे असलेली राख कुठल्याच भांड्याच्या आतल्या बाजूला नको.

## ५. भिजत घाला

कोमट पाणी थराच्या वर दोन बोटं येईल इतकं भरा, साबणाचे थोडे थेंब टाका आणि बाजूला ठेवा. पिठूळ थराला एक-दोन तास, जुन्या किंवा जाड थराला रात्रभर. स्टील, काच आणि इनॅमल रात्रभर भिजलं तरी काही बिघडत नाही. अॅल्युमिनियम काही तासांत रिकामं करा. बीड आणि लोखंड भिजत घालायचंच नाही, गंज चढतो. त्यांची रीत खाली वेगळी दिली आहे.

तपासा: पाणी ओतून बोटाने थराची कड दाबा. कड मऊ झाली असेल किंवा उचलली जात असेल तर उकळण्याची पायरी सोडून थेट सातवीकडे जा. बरीच भांडी इथेच सुटतात, फक्त आपण वाट बघत नाही.

## ६. सोड्याच्या पाण्यात उकळा

ही रीत स्टेनलेस स्टील आणि इनॅमलसाठी आहे. शेगडीवर चालणारी काचेची भांडी असतील तर त्यांनाही चालेल.

१ लिटर पाण्याला २ मोठे चमचे खाण्याचा सोडा. पाणी गार किंवा कोमट असतानाच सोडा ढवळून घ्या. उकळत्या पाण्यात एकदम सोडा टाकला तर फेस भसकन वर येतो आणि हात भाजतो. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. मंद आचेवर १० ते १५ मिनिटं उकळू द्या.

उकळण्याला महत्त्व आहे ते नुसत्या उष्णतेमुळे नाही. तापल्यावर खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो. तो जास्त अल्कधर्मी असतो आणि प्रथिनं व तेलाचा थर बराच लवकर ढिला करतो. म्हणून तोच सोडा गार पाण्यात तासभर ठेवून जे होत नाही ते उकळून होतं.

उकळत असताना दर तीन-चार मिनिटांनी लाकडी उलथण्याने थराच्या कडेला हलकेच टोचून बघा. मोठे काळे पापुद्रे तरंगायला लागले की आच बंद करा आणि भांडं त्याच पाण्यात कोमट होईपर्यंत राहू द्या. पाणी गरम असतानाच ओतायची घाई करू नका; निवतानाही थर सुटत असतो.

सावधान: प्रेशर कुकर असेल तर झाकण लावून सोडा उकळू नका. फेस शिटीच्या मार्गात जाऊन बसतो. झाकण, रबरी कडं आणि शिटी बाजूला काढून फक्त भांडं उकळा.

सावधान: सोड्यात व्हिनेगर मिसळू नका. फेस जोरात येतो म्हणून काम होतंय असं वाटतं, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते जवळजवळ साधं पाणी. दोन्ही वापरायचे असतील तर आधी सोडा, मग स्वच्छ विसळणं, मग व्हिनेगर.

## ७. कोमट असताना सोडवा

पाणी ओता आणि भांडं पुन्हा पूर्ण गार व्हायच्या आत हात लावा, कारण गार झालेला थर परत कडक होतो. उलथण्याची सपाट कड तळाला जवळपास आडवी ठेवा आणि थराच्या बाहेरच्या कडेकडून आत ढकला. टोक उभं धरून दाबायचं नाही. जिथून सुटतंय तिथून सोडवत जा; जिथे अडतंय तिथे जोर लावू नका.

जोर लावावासा वाटला तर समजा की थर अजून तयार नाही. पाचवी आणि सहावी पायरी पुन्हा करा. जाड थर दुसऱ्या, कधी तिसऱ्या उकळीला सुटतो, आणि ते अगदी सामान्य आहे. दुसऱ्या उकळीसाठी ताजं पाणी आणि ताजा सोडा घ्या. तपकिरी झालेल्या जुन्या पाण्यात फारसा दम उरलेला नसतो.

## ८. उरलेल्या डागांवर सोड्याचा लेप

३ भाग सोडा आणि १ भाग पाणी कालवून दाट लेप करा. डागावर जाडसर लावा, वर ओलं कापड झाका म्हणजे तो वाळणार नाही, आणि अर्धा तास थांबा. मग ओल्या स्पंजने, स्टीलवर दिसणाऱ्या बारीक रेषांच्या दिशेनेच घासा. गोल गोल घासलं तर रेषांना आडवे चरे पडतात आणि उजेडात ते लगेच दिसतात.

तेलाचा जुना तपकिरी डाग याने कमी होईल, पण एका वेळेत जाईलच असं नाही. भांड्याच्या बाहेरच्या बाजूला असा डाग असेल तर मी त्याच्यामागे फार लागत नाही. तो अन्नाला लागत नाही, आणि त्याला काढण्याच्या नादात अख्खं भांडं मंद करून घेणं मला पटत नाही.

स्टीलवर तरीही हट्टी डाग राहिला तर ऑक्झॅलिक आम्ल असलेली भांडी उजळण्याची पावडर मिळते. हातमोजे घालून, ओल्या कापडाने, एखादं मिनिट, आणि मग भरपूर पाण्याने धुणं. सोडा आधी पूर्ण विसळलेला हवा.

## ९. आंबट पदार्थ सगळ्यांत शेवटी

थर गेला, भांडं धुऊन झालं, आता पांढरे ठिपके किंवा निळी-जांभळी झाक उरली असेल तर दोन चमचे व्हिनेगर आत फिरवा, एक-दोन मिनिटांनी धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा. एवढंच.

सावधान: ब्लीच कुठल्याही भांड्याला लावू नका. त्यातल्या क्लोरीनच्या संयुगांमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थाशी ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

## भांड्याच्या प्रकाराप्रमाणे वेगळी रीत

### अॅल्युमिनियम

अॅल्युमिनियमवर एक पातळ ऑक्साइडचा थर असतो आणि तोच धातूचं रक्षण करतो. अल्कधर्मी पाणी त्या थरावर हल्ला करतं, म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळलेलं भांडं आतून काळपट पडतं. धुण्याचा सोडा, डिशवॉशरची पावडर आणि ओव्हन साफ करण्याचे द्रव तर याहून वाईट.

इथे साबणाचं गरम पाणी घालून दोन-तीन तास भिजवा, मग तेच पाणी १० मिनिटं मंद उकळा आणि लाकडी उलथण्याने सोडवा. थर निघाल्यावर काळसरपणा राहिला तर १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून १० मिनिटं उकळा. रंग उजळतो. पण हे पाणी भांड्यात रात्रभर ठेवू नका, आणि त्यात मीठही घालू नका. धातूला ठिपक्याठिपक्याने खड्डे पडतात.

हार्ड अॅनोडाइज्ड भांड्याचा वरचा थर घासायला कठीण असतो, त्यामुळे लोकांना वाटतं त्याला काहीही चालेल. तीव्र अल्क आणि तीव्र आम्ल दोन्ही तो थर खातात. साबण, गरम पाणी आणि वेळ, याच्या पलीकडे जाऊ नका.

### नॉनस्टिक

कोमट साबणाचं पाणी, अर्धा तास. मग भांड्यात पाणी भरून पाच-सात मिनिटं अगदी मंद आचेवर गरम करा, निवू द्या, मऊ स्पंजने पुसा. नायलॉनचा ब्रशसुद्धा मऊ असेल तरच.

नॉनस्टिकवर जे चिकटतं ते बहुतेक वेळा अन्न नसून तेलाचा पातळ थर असतो, खासकरून तेलाचा फवारा मारायची सवय असेल तर. त्यावर सोड्याचा अगदी ओलसर लेप १५ मिनिटं ठेवून, न दाबता, बोटाच्या पेराने कापड फिरवा.

सावधान: डाग जाळून टाकण्यासाठी रिकामा नॉनस्टिक तवा तापवू नका. हा लेप २६० अंश सेल्सियसच्या वर बिघडायला लागतो आणि त्यातून निघणारा धूर माणसाला त्रास देतो. घरात पाळलेले पक्षी असतील तर त्यांचा त्याने जीव जाऊ शकतो.

### बीड आणि लोखंड

इथे वाचवायचा असतो तो धातूवर तेल मुरून तयार झालेला काळा थर. भांडं कोमट असतानाच त्यात थोडं गरम पाणी घाला, दोन-तीन मिनिटं उकळा आणि लाकडी उलथण्याने तळ सोडवा. पाणी ओता. उंचवटे राहिले असतील तर मूठभर जाड मीठ आणि चमचाभर तेल घेऊन कापडाने चोळा. मीठ लोखंडापेक्षा मऊ असल्याने चरा पडत नाही, आणि तेलामुळे ते विरघळतही नाही. साबणाचा एखादा थेंब चालतो; भिजवणं, व्हिनेगर आणि सोड्याची लांब उकळी चालत नाही.

धुतल्यावर लगेच पुसा, मंद आचेवर पूर्ण कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा, इतका पातळ की पुसून घेतल्यासारखा वाटावा. जाड तेल चिकट होतं.

तपासा: पांढरं कापड फिरवून बघा. तपकिरी-नारिंगी आलं तर गंज आहे, पुन्हा मीठ आणि तेल. नुसतं काळसर आलं तर काळजी नाही.

### कल्हई केलेली भांडी

कथिल २३२ अंशांना वितळतं आणि नखाच्या दाबानेही त्यावर खूण उमटू शकते. कोमट साबणाचं पाणी, रात्रभर भिजवणं, बोटं आणि मऊ कापड. बस. कल्हई काळवंडली तरी तिला उजळवत बसू नका. काळवंडलेली कल्हई काम करते, झिजलेली करत नाही.

### काच आणि इनॅमल

दोन्हींना सोडा चालतो, पण टोकदार वस्तू अजिबात नको. काचेवरचा चरा केवळ डोळ्याला खुपतो असं नाही. पुढे तापताना किंवा निवताना तडा नेमका त्या रेषेपासून सुरू होऊ शकतो. ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका.

## हात थांबवायचा कधी

दोन उकळ्या आणि एक लेप झाल्यावर बोट फिरवून बघा. पृष्ठभाग गुळगुळीत लागतोय, वास नाही, पांढऱ्या कापडाला काही लागत नाही, तर उरलेली सावली हा फक्त रंग आहे. भांडं वापरायला घ्या.

काही भांडी मात्र साफ करायचं सोडून बाजूला ठेवायची असतात. नॉनस्टिकचा लेप पापुद्र्यांनी सुटायला लागला असेल तर तो तवा स्वयंपाकाला नको. इनॅमलचा टवका आतल्या बाजूने उडाला असेल तर त्याच्या बारीक कपच्या अन्नात येऊ शकतात. कल्हईखालचं तांबं किंवा पितळ मोठ्या भागात उघडं दिसत असेल तर पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात विशेषतः आंबट काही शिजवू नका. काचेच्या भांड्याला तडा दिसला तर ते तापवू नका, मग ते कितीही स्वच्छ निघालेलं असो.